थॉर्नकोमचं नशीब

थॉर्नकोम, सॉमरसेट
ऑक्टोबर १९४३

प्रिय क्लेमंट,

सफरचंदं उतरवून झाली. यंदा झाडावर चढायला आम्ही बायकाच, त्यामुळे बरीच खाली पडून डागाळली. ती साइडरच्या दारूला घातली. मागच्या कुंपणाला तुझ्या आईनं स्वतः खिळे ठोकले, मला हात लावू दिला नाही. मी असं इकडचं तिकडचं लिहितेय, रागावू नकोस. मुद्द्यावर यायला हात धजत नाही.

तुमच्या गावाचा स्वभाव मला कधीच नीट कळला नाही. मी पडले हॅदरलीची. गेल्या युद्धात आमच्याकडचे कितीतरी मेले, त्यांत माझे वडील. आणि तीन मैलांवरच्या थॉर्नकोमचे लढायला गेले तेवढे सगळे जिवंत परत आले. आपलं लग्न ठरलं तेव्हा आत्या म्हणाली होती, ‘त्या गावात नांदायला जातेस? त्यांच्या वाट्याचं मरण आपल्याकडे आलं, माहीत आहे ना?’ मला वाटायचं, एवढं नशीब लाभलेलं गाव हसतं-खेळतं असेल. पण इथं त्याबद्दल कुणी बोलतच नाही, जणू मोठ्यानं बोललं तर कुणीतरी ऐकेल. चर्चमधल्या युद्धाच्या पाटीवरही नुसते देवाचे आभार. नाव एकही नाही. तुझे वडील विषारी धुरानं जळलेली फुप्फुसं घेऊन आले, खोकून खोकून गेले. त्यांनी तोंड उघडलं की लोक म्हणायचे, ‘परत आलास ना, बाबा? मग झालं तर!’

हे युद्ध सुरू झाल्यापासून तर सगळं गाव श्वास रोखून आहे. टॅपस्कॉटबाईंनी दुकानातून शोकाची काळी फीतसुद्धा काढून टाकली. कुणाचं पत्र आलं की शेजारीण आधी चेहरा वाचते. मरणाचं पहिलं घर आपलं नको, एवढंच प्रत्येकीच्या मनात.

उन्हाळ्यात आपल्याकडे तार आली. आईनं ती वाचली, एप्रनच्या खिशात घातली आणि आलुबुखारांच्या बिया काढत बसली. मी विचारलं तर म्हणाली, ‘काही नाही, पोरी.’ संध्याकाळी एप्रन धुवायला घेतला तेव्हा मला कळलं. हार्वेचं जहाज बुडालं. तो गेला, क्लेमंट. तुझा धाकटा भाऊ गेला.

आईनं मला शपथ घातली. ‘आपल्या दारातून हे गावात शिरलं असं व्हायला नको. सगळ्यांची पोरं तिकडे आहेत. एकदा सुरू झालं की थांबायचं नाही.’ त्यानंतर ती रोज दुकानात जायची, ‘हार्वे कसा आहे?’ म्हटलं की ‘बरा आहे’ म्हणायची. घरी आली की जिन्याच्या पायरीवर बसून राहायची. टॅपस्कॉटबाईंना ठाऊक होतं; गावचं टपाल त्यांच्याच दुकानात, तार त्यांच्याच हातून आलेली. गावातली सगळ्यांत लांब जीभ त्यांची, पण अवाक्षर काढलं नाही.

मागच्या रविवारी सुगीची प्रार्थना होती. वेदीपाशी भोपळे, गव्हाच्या पेंढ्या, सगळं नेहमीसारखं. पाद्री ऑर्मरॉड म्हणाले, ‘याही खेपेला देवानं आपलं गाव अखंड ठेवलं आहे.’ आई उठून उभी राहिली. मी तिची बाही ओढली, तिनं झटकली. म्हणाली, ‘नाही ठेवलं. माझा हार्वे गेला. त्याच्यासाठी एक प्रार्थना म्हणा, इतके दिवस कुणी म्हटली नाही.’ मागच्या बाकावरची एक बाई चक्क किंचाळली. आमच्या रांगेतली माणसं बाजूला सरकली, खरंच सरकली. मग टॅपस्कॉटबाई आपली जागा सोडून आल्या, आईला खेटून बसल्या आणि मागं वळून म्हणाल्या, ‘बघताय काय? माना खाली घाला आणि प्रार्थना म्हणा!’

पाटीवर हार्वेचं नाव घालायचं ठरलंय. पाथरवट म्हणाला, वरच्या बाजूला घेतो, खाली जागा राहील. आई त्याच्यावर कडाडली, ‘मधोमध घाल. खाली कुणाला जागा ठेवायची नाही.’ आता काही जणी आमच्याशी बोलत नाहीत. आईनं तोंड उघडलं म्हणून नशीब फुटलं, असं त्यांना वाटतं. मी हॅदरलीची, मला या गोष्टी पटत नाहीत. तरी फाटक वाजलं की माझ्या हातातलं भांडं सुटतं.

तू इटलीत उतरल्याचं कळवलंस, त्यानंतर तुझी एकही ओळ नाही. टॅपस्कॉटबाई म्हणतात, तिकडचं टपाल रखडतंय, सगळ्यांचंच रखडतंय; पण पलीकडच्या घरी इटलीहून दोन पत्रं आली. हार्वेचं तुला कळवायचं नाही, तू परत आल्यावर सांगू, असं आमचं ठरलं होतं. काल आईच म्हणाली, ‘लिही त्याला. सगळं लिही. रडेल, माझ्यावर चिडेल, इतके दिवस लपवलं म्हणून शिव्या घालेल. पण शिव्या घालायला तरी पत्र लिहील.’ म्हणून हे लिहिलं. क्लेमंट, आम्हाला शिव्या घाल.

तुझीच,
अ‍ॅडा