आईचा सातवा ठसा

१४ मार्च, बुधवार

प्रिय ताई,

साष्टांग नमस्कार. या वेळी अगदी जमिनीवर आडवी पडून. का, ते पुढे कळेलच.

भावोजींचा गुडघा कसा आहे? त्यांना जिने चढू देऊ नकोस. तू पाठवलेलं चित्र सुखरूप पोचलं. एवढं गुंडाळलं होतंस की सोडवता सोडवता अर्धी सकाळ गेली!

संग्रहालयाचे पारखी काल येऊन गेले. बाबांनी लाकडी ठोकळ्यावरून छापलेले, शिवत बसलेल्या आईचे पंचवीसच ठसे. त्यातला तुझा सातवा. कागद, शाई, खाली पेन्सिलीने लिहिलेलं ७/२५ आणि बाबांची सही, सगळं त्यांनी भिंगातून तीनदा पाहिलं. मग म्हणाले, “अस्सल. आणि सही काय ठसठशीत!” माझ्या हातातला चहा बशीत सांडला.

आता राहिली माझी सही. चित्रं दुरुस्त करणारी म्हणून ‘ठसा मूळचा आहे’ असं मी लिहून दिलं की शनिवारी तो तुझ्या नावाच्या पट्टीसह उरलेल्या चोविसांशेजारी लागणार. तो कागद कालपासून टेबलावर आहे.

बरं, धाकटीचा निकाल कधी? मागच्या वेळी म्हणालीस की ती गणिताला... बघ, टाळतेय मी. फोन केला असता तर हेच विचारत बसले असते.

ताई, तुझं चित्र खोटं आहे.

अकरा वर्षांपूर्वी काच तडकली म्हणून तू ते माझ्याकडे पाठवलंस, आठवतं? मी चौकट उघडली. तुझ्या लग्नाच्या घाईत मीच ते पुठ्ठ्याला चिकटपट्टीने डकवलं होतं. बाबांनी शंभरदा बजावलं होतं, कागदाला चिकटपट्टी लावायची नाही म्हणून. डिंक तपकिरी होऊन आईच्या गळ्यापर्यंत चढला होता. कुणाला विचारायचं सोडून मी शहाणी स्वतःच डाग काढायला बसले, आणि आईचा चेहरा पसरला.

ठोकळा माझ्याकडे होता. पंचविसावा ठसा निघाल्यावर बाबांनी तो माझ्या हातात दिला होता. म्हणाले, “घोळू, यावर आडवी काट मार. नाहीतर पंचवीस या आकड्याला अर्थ काय?” मी छिन्नी घेतली. पण आई तेव्हा दवाखान्यात होती गं, तिच्या तोंडावर कशी मारू? मारली म्हणून सांगितलं आणि ठोकळा ट्रंकेत ठेवला.

त्यावरूनच मी नवा ठसा काढला. आकडा माझा. सहीही माझीच, बाबांची सही मला प्रगतिपुस्तकापासून येते. ठोकळा वाळून चिरला होता, म्हणून तुझ्या चित्रात आईच्या कोपराशी केसाएवढी पांढरी रेघ आहे. बाकीच्या चोविसांत ती नाही. पारखींना दिसली नाही. मला डोळे मिटले तरी दिसते.

तू सकाळी चित्रातल्या आईशी बोलतेस, असं भावोजी एकदा म्हणाले होते. मी हसण्यावारी नेलं. लाज वाटते मला, ताई.

मी सही करणार नाही. परवा सकाळी पारखींना सगळं सांगणार आहे. आधी तुला कळायला हवं म्हणून हे पत्र. कुरिअरवाला उद्या दुपारपर्यंत पोचवतो म्हणालाय. माझं काम जाईल बहुतेक. जाऊ दे. तू माझ्याशी बोलायची थांबलीस तर मात्र मला सोसणार नाही.

सोबतच्या पुठ्ठ्यांत खरा सातवा आहे. अकरा वर्षं थोडं थोडं करत डाग काढले, चेहरा परत आणता आला नाही. पण सुई धरलेली बोटं शाबूत आहेत, आणि खालचा आकडा बाबांच्या हातचा आहे. उन्हात उघडू नकोस.

छिन्नीला धार लावून ठेवलीय. काट मारायला तू ये. ते मला एकटीला तेव्हाही जमलं नाही, आताही जमत नाही.

बाबांनी नाव उगाच नव्हतं ठेवलं.

तू म्हणशील तर अजूनही तुझीच,
घोळू