थोडी सूज येणारच

४ फेब्रुवारी

आले एकदाची! ठकीच्या घरी, तिसऱ्या मजल्यावर, मला स्वतःची खोली. खोली म्हणजे आधी अडगळीची जागा होती, पण ठकीने भिंतींना पिवळा रंग दिलाय, खिडकीला पडदा लावलाय आणि पलंगाला लागून हे छोटं टेबल ठेवलंय. वही त्याच्यावर मांडून लिहायला बसले आहे. लेकीकडे कायमचं राहायला यायचं म्हणून मी वर्षभर आढेवेढे घेतले. हे गेल्यावर एकटीचं चाललं होतं की माझं. पण ठकी ऐकते कुणाचं! जावईबापू स्वतः टेम्पो घेऊन सामान न्यायला आले. माझ्या लोखंडी कपाटाखाली त्यांचं बोट चेंगरलं तरी हूं की चूं केलं नाही. वर मलाच म्हणाले, आई, तुम्ही बसा हो.

बबी दुसरीत आहे. आजी काय काम करायची असं तिने विचारलं, म्हणून करूनच दाखवलं. सगळी नोकरी बस डेपोत माईकवर गाड्या पुकारण्यात गेली माझी. नाक दाबून सुरू केलं, प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे, बबी एक्स्प्रेस आंघोळीसाठी उशिराने धावत आहे. पोरगी जमिनीवर लोळून हसली. मीही हसले, आणि त्या भरात खालची कवळी सुटून थेट ताटात. मग तर हसून हसून सगळ्यांची पुरेवाट. मीही हसत होते, फक्त तोंडावर हात ठेवून.

७ फेब्रुवारी

ठकी नुकतीच कामाला लागली आहे, दातांच्या दवाखान्यात, बाहेरच्या काउंटरवर. फोन घ्यायचे, पेशंटना वेळा द्यायच्या. बबी झाल्यापासून घरातच होती, त्यामुळे आता रुबाब बघावा. निळा कोट स्वतः इस्त्री करते, मला हात लावू देत नाही. फोनवर बोलते तेव्हा आवाज अगदी माझ्या वळणावर गेलाय. जावईबापू म्हणतात, घरात दोन-दोन डेपो झाले.

रात्री जेवताना तिनेच विषय काढला. कवळीची कटकट कशाला, डॉक्टर हाडात स्क्रू बसवून त्यावर पक्के दात लावतात. आमच्या दवाखान्यात रोज होतं, आई. तू कणीस खाशील, कणीस! मी म्हटलं, या वयात कसली हौस. पण खरं सांगायचं तर झोपताना जिभेने हिरड्या चाचपत होते. कणीस दाताने शेवटचं कधी खाल्लं ते आठवेना.

१० फेब्रुवारी

दवाखाना चकाचक आहे. काचेचं दार, पांढरी खुर्ची, भिंतीवर दात दाखवणारी बाई. डॉक्टर तरुण आणि सदा हसरे. मी मनातल्या मनात त्यांचं नावच हसरे डॉक्टर ठेवलंय. मला मावशी म्हणाले. छोटा एक्स-रे काढला, उजेडाकडे धरला आणि म्हणाले, हाड दगडासारखं आहे, खाली दोन स्क्रू, तासाभराचं काम.

मला मधुमेह आहे, ते मी आठवणीने सांगितलं. ते म्हणाले, मावशी, या वयात थोडी साखर सगळ्यांनाच असते. ठकीने हळूच विचारलं, तो मोठा स्कॅन करायला हवा ना? दुसरीकडे करतात म्हणे. डॉक्टर तिच्याकडे बघून हसले. हाताला सवय असली की स्कॅन लागत नाही, म्हणाले. ठकीची नवीन नोकरी, काय बोलणार. मीच म्हटलं, कधी येऊ?

१२ फेब्रुवारी

झालं बाई. लगेच लिहून टाकते.

इंजेक्शनने दुखलं असं नाही. पण आवाज! ड्रिलचा आवाज बाहेरून येत नाही, आपल्याच डोक्यातून येतो. पहिला स्क्रू बसवताना एकदम ओठातून विजेचा चटका गेला. मी खुर्चीत उडालेच. डॉक्टर म्हणाले, हलू नका मावशी. मध्येच त्यांचा मोबाइल वाजला. तो त्याच हातमोज्याने उचलला, कुणाशी तरी गाडीच्या सर्व्हिसिंगचं बोलले आणि त्याच हाताने परत माझ्या तोंडात. दुसऱ्या वेळी ड्रिल आत जाता जाता एकाएकी सैल पडलं. अंधारात जिन्याची पायरी चुकावी तसं. क्षणभर त्यांचा हात थांबला. मास्कवरचे डोळे तेवढे दिसत होते. मग डोळे पुन्हा हसले. फर्स्ट क्लास, म्हणाले.

ठकीने मला हाताला धरून घरी आणलं, आणि जिन्यात भेटेल त्याला सांगत होती, आईला नवीन दात बसवलेत आमच्या डॉक्टरांनी.

१५ फेब्रुवारी

खालचा ओठ उजवीकडून बधिरच आहे. इंजेक्शनचा असर इतके दिवस राहतो का? आज चहा पिताना बबी ओरडली, आजी, सांडतंय! हनुवटीवरून ओघळ पार साडीवर आला होता आणि मला पत्ता नाही. मग आरशात बघितलं तर ओठ आतून चावला गेलाय, चांगला खोल. कळलंच नाही. आपलाच ओठ, पण कुणी तरी दुसऱ्याचा आणून चिकटवल्यासारखा.

प, ब, म म्हणताना ओठ मिटला की नाही ते समजत नाही. 'बबी' नीट म्हणता येत नाही मला. आरशासमोर उभी राहून म्हणून बघितलं. ववी, ववी.

१८ फेब्रुवारी

तपासणी झाली. डॉक्टरांनी चिमट्याने टकटक केलं, म्हणाले, हाड छान पकडतंय, बधिरपणा हळूहळू जाईल. मी जिभेखाली बोट दाखवून सांगितलं, इथे आत ठणकतंय, घाण चव येते. म्हणाले, थोडी सूज येणारच. त्याच गोळ्या पुढे चालू.

बाहेर बाकावर एक बाई तोंडाला रुमाल बांधून बसली होती. माझ्यासारखीच, साठीची. तिने माझ्या गालाकडे बघितलं, मग माझ्या डोळ्यांत बघितलं आणि मान हलवली. मी आत जाताना बसली होती, बाहेर आले तरी तिथेच. आत कुणी बोलावलंच नव्हतं तिला.

२० फेब्रुवारी

बबी रोज दुपारी गोष्ट ऐकायला मांडीवर येऊन बसते. आज बसली आणि लगेच उठली. तोंड फिरवलं. काय झालं विचारलं तर म्हणाली, काही नाही, गृहपाठ आहे.

वास येत असणार माझ्या तोंडाला.

तिचं काही चुकलं नाही. लेकरू आहे. पण दार लावून बराच वेळ बसले.

ठकी विचारते, आई, दुखतंय का? मी मान हलवते, नाही. कामाचं ठिकाण आहे तिचं. तिनेच नेलं मला. माझं दुखणं म्हणजे तिच्या जिवाला घोर. आणि डॉक्टर तर म्हणतातच, सूज येणारच.

२३ फेब्रुवारी

गिळताना काटे गिळल्यासारखं होतं. दूधही जात नाही. हनुवटीखाली गोळा आलाय, अंगात कणकण. घरात कुणी नव्हतं. शेवटी ठरवलं, ठकीला सांगायचं. तिचा मोबाइल कामाच्या वेळी ड्रॉवरमध्ये असतो, म्हणून दवाखान्याच्या नंबरवर लावला. तिनेच उचलला. काय गोड आवाज!

मी म्हणाले, ठके, मी बोलतेय, लवकर घरी ये. म्हणजे म्हणायला गेले. जीभ लाकडाची झालेली, ओठ आपला नाही. जे बाहेर पडलं ते माणसाचं बोलणं नव्हतं.

"घाबरू नका हं मावशी," ठकी म्हणाली. "थोडी सूज येणारच. गोळ्या चालू ठेवा, कोमट पाण्याने गुळण्या करा आणि ठरलेल्या तारखेला या."

मी पुन्हा जोर लावला. ठके. ठके गं.

"दुसऱ्या लाइनवर पेशंट आहेत, मावशी. ठेवते हं."

तिने ठेवला.

मी तशीच बसून राहिले, फोन कानाला धरून.

संध्याकाळी आली तेव्हा मी पांघरूण हनुवटीपर्यंत ओढून पडले होते. माझ्या पायाशी बसून आपणहून सांगू लागली, आज एका बाईंचा फोन आला होता, बिचारीला बोलताच येत नव्हतं, आणि मला शिकवलंय तेवढंच मी बोलले. असे फोन फार येतात, आई. रुमालवाल्या बाई आल्या की डॉक्टर सांगायला लावतात, बाहेर गेलेत म्हणून. मला भीती वाटते. मग एकदम म्हणाली, "तुझं बरं आहे ना गं?"

मी मान डोलावली. काय करणार होते? त्या क्षणी सांगितलं असतं तर मोडून पडली असती.

२४ फेब्रुवारी

सकाळी ठकीने पांघरूण काढलं. किंचाळली.

हनुवटीपासून गळ्यापर्यंत सगळं एक झालंय. हात लावला तर लाकूड. जीभ वर उचलली गेली आहे, तोंड मिटत नाही, लाळ —

जावईबापूंनी डॉक्टरांना फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. मग बंदच. ठकी तशीच, निळ्या कोटात, चप्पल न घालता दवाखान्यात गेली. आली ती पांढरीफटक. डॉक्टर तिला म्हणाले, आईने स्वच्छता ठेवली नसेल. आणि म्हणाले, दवाखान्याचं नाव कुठे घेऊ नका.

हसत म्हणाले, म्हणे.

२४, दुपार

मोठं रुग्णालय. बोलता येत नाही म्हणून जावईबापूंनी ही वही आणून दिली. सपाट झोपवत नाहीत, झोपलं की श्वास अडतो. बसूनच लिहितेय.

इथल्या सर्जनबाईंनी मोठा स्कॅन केला. एक स्क्रू नसेवर बसलाय. दुसरा हाडात नाहीच, हाड फोडून जिभेखाली गेलाय. तिथून पू मानेत उतरलाय. रक्तातली साखर पार वर. बाई संतापल्या होत्या, पण माझ्यावर नाही. ठकीला विचारलं, इतके दिवस तुम्ही काय करत होतात? जावईबापू मध्ये बोलायला गेले, ती तिथेच काम करते हो, त्याच दवाखान्यात. बाईंनी ठकीकडे बघितलं.

ते बघणं नको होतं व्हायला.

मी तिची बाजू घ्यायला गेले. आवाज निघाला, तसाच, परवासारखा घुरघुरता. आणि ठकी थिजली. माझ्याकडे बघतच राहिली. जवळ आली, हळूच म्हणाली, "आई. कालचा तो फोन. तू होतीस?"

मी मान हलवली. नाही, नाही.

तिने ऐकलं नाही. आवाज ऐकला होता तिने. भिंतीला टेकून खाली बसली. मग उठून बाहेर गेली.

परवा नाही, कालच. दिवसही नीट —

२४

मानेला छेद देऊन श्वासाची नळी घालणार. मग बाकीचं कापायचं. बाई म्हणाल्या, वेळ नाही. सही जावईबापूंनी केली.

ठकी बाहेर बाकावर. आत यायला तयार नाही. नर्स दोनदा बोलवून आली. काचेतून पाठ दिसते तिची. निळा कोट अजून अंगावर.

बबीला इथे आणू नका. लिहून दाखवलं.

श्वासाला शिट्टी वाजते —

आले न्यायला. थांबा म्हणते हाताने. एवढं एक लिहू द्या —

ठके, ही वही तुझ्यासाठी. नीट वाच. खुर्चीवर मी माझ्या पायाने चढले. दुखणं मी लपवलं. तो आवाज माझा मलाच ओळखू आला नसता, तुला कुठून — तू जन्मभर स्वतःला खात बसशील, मला माहीत आहे तुझा स्वभाव. म्हणून आईच्या हातचं, पक्कं लिहून ठेवते —

हात धरलाय त्यांनी. उचलतायत —

ठके, यात तुझी चूक