चाक खाली

दादा,

तू शेजारच्या खोलीत आहेस आणि मी इथं पत्र लिहितोय, म्हणजे ते तुला देणार नाही हे उघडच आहे.

काल अपघाताच्या चौकशीचे साहेब येऊन गेले. तू त्यांना सांगितलंस, "चाक खाली सोडायचं माझ्याकडूनच राहिलं. वॉकीटॉकी बंद होता." त्यांनी फाइल मिटली. मी त्यांच्यापुढे चहा ठेवला.

वॉकीटॉकी चालू होता, दादा. आपल्या छोट्या मोटर ग्लायडर विमानाच्या पोटात मिटणाऱ्या चाकाचा दांडा मधेच अडकायचा, म्हणून उतरण्याआधी तू वरून "चाक?" विचारायचास आणि मी खालून बघून "खाली" म्हणायचो. तीन वर्षं हाच पाठ. त्या दिवशी मी आपल्या धावपट्टीच्या कडेला चुना मारत होतो. तू विचारलंस आणि मी मान वर न करताच म्हणालो, "खाली, ये." मग विमानाचं पोट घासत गेल्याचा आवाज आला. तुझा कणा मोडला, तेव्हा माझ्या हातात ब्रश होता.

मी तुझं सगळं करतो ते बघून वहिनी मला म्हणते, "भाऊ असावा तर असा." मेल्याहून मेल्यासारखं होतं.

आता रोज सकाळी तुला चाकाच्या खुर्चीत घेण्याआधी तू विचारतोस, "चाकं?" मी गुडघ्यावर बसून दोन्ही खटके नीट बघतो आणि म्हणतो, "लॉक आहेत."

तू मला कधी एका शब्दानं बोलला नाहीस. फक्त पलंगावरून हात लांब करतोस आणि दोन्ही खटके स्वतः चाचपून बघतोस.

तुझा,
धाकटा