लिंबूचं पहिलं पाऊल नेमकं कुणाचं

तीर्थस्वरूप आक्का,

तुझ्या धाकट्या भावाचा वाकून नमस्कार. (वाकलो ते फक्त कागदावर. प्रत्यक्षात कंबर धरली आहे, का ते पुढे येईलच.) तुझे गुडघे आता जिना चढू देतात का, आणि डोळ्यांत थेंब घालायची आठवण तुला कोण करतं, हे आधी कळव. इकडे सगळे सुखरूप. मागच्या खेपेला तू रागावलीस, की तुझं पत्र म्हणजे तार असते, 'नात बरी, मीही बरा', की संपलं. आक्का, जन्मभर लिफ्ट दुरुस्त करत फिरलेल्या माणसाला तेवढंच लिहायची सवय लागते. 'दोर बदलला, लिफ्ट चालू.' पण आता मी घरीच असतो. लेक बस चालवायला जाते, जावई बेकरीतली भट्टी सांभाळून दुपारी येतो आणि आल्या आल्या आडवा होतो. म्हणजे दिवसभर जागे असे आम्ही दोघंच, मी आणि लिंबू. तेव्हा आज सगळं सांगतो. टेकून बस.

तिचं खरं नाव तुला ठाऊक आहे, पण जन्मल्यावर तिनं डोळे किलकिले करून आमच्याकडे पाहिलं आणि असं तोंड केलं, की जणू आम्ही सगळेच आंबट आहोत. तेव्हापासून ती लिंबू. सुरुवातीला तिला उचक्या लागायच्या. साध्यासुध्या नाहीत, एकेक उचकी टाळूपासून पायाच्या अंगठ्यापर्यंत जायची. मी सवयीनं तिच्या छातीला कान लावला (लिफ्टच्या मोटारीच्या पत्र्याला कान लावून मी बिघाड सांगायचो, तू पाहिलं आहेस), तर आत इतकी धावपळ ऐकू आली की मी एक चप्पल माझी आणि एक जावयाची घालून थेट दवाखाना गाठला. डॉक्टरीणबाई मोजकं बोलणाऱ्या. त्या म्हणाल्या, "आजोबा, ही पोटात असल्यापासून उचक्या देतेय," आणि त्यांनी पुढच्या बाळाला आत बोलावलं. मी बाहेरच्या बाकावर बसूनच राहिलो. विचार कर आक्का. लेक समोर बसून भाजी निवडत होती, मी बातम्या ऐकत होतो, आणि तेव्हा ही बया आत अंधारात एकटीच उचक्या देत होती. कुणीतरी आठवण काढतंय म्हणावं, तर तिला ओळखणारं अजून कुणी नव्हतंच.

मग टाळूचं प्रकरण. एका दुपारी ती मांडीवर झोपली होती आणि मला दिसलं की तिच्या डोक्यावरचा मऊ भाग वरखाली होतोय. धक्-धक्, धक्-धक्. लेकीला फोन करावा तर ती बस चालवत असणार, जावयाला उठवावं तर तो उठून आणखी घाबरणार. पुन्हा दवाखाना. (या वेळी चपला तपासून घातल्या.) डॉक्टरीणबाईंनी बोट फिरवून पाहिलं आणि सांगितलं, की हाडं अजून जुळायची आहेत, मेंदूला वाढायला जागा ठेवलेली असते, दीडेक वर्षात आपोआप बंद होईल. मी आयुष्यभर माणसं वरखाली नेली, पण इतकी दूरवरची तजवीज कधी पाहिली नाही. आपली डोकी कधीच झाकण लावून बंद झालीत, हिचं अजून उघडं आहे. त्या दिवसापासून तिच्यासमोर मी शेजाऱ्यांबद्दल वाईटसाईट बोलत नाही. न जाणो, थेट आत जायचं.

पालथी पडायला शिकली तो प्रकार मी पाहिलाच नाही. ती सतरंजीवर उताणी होती, मी चष्मा आणायला आत गेलो, आलो तर पालथी. मला वाटलं कुणीतरी येऊन उलटवून गेलं. मी दाराची कडीसुद्धा पाहिली. पुढचे बरेच दिवस तिला पालथं होता यायचं पण परत उताणं होता यायचं नाही, आणि याचा राग ती माझ्यावर काढायची. दात आला तोही असाच चोरपावलांनी. वाटीतलं भरवताना चमच्यावर 'टिंग' झालं. मी चमचा पाहिला, वाटी पाहिली, पुन्हा भरवलं, पुन्हा टिंग. हिरडीच्या कडेला तांदळाच्या कणीएवढं पांढरं काहीतरी होतं. आक्का, माझे एकेक करून चाललेत, आणि तिला कुणी न सांगता, न शिकवता, बरोबर जागेवर एक आला. मी बराच वेळ नुसता तो चमचा वाजवत बसलो. तिलाही ते आवडलं असावं.

गाजराचं मात्र तुला आधी कुणीतरी तिखटमीठ लावून सांगितलंच असेल, म्हणून माझ्या तोंडून ऐक. बाकी काहीही भरवलं की लिंबू तोंड घट्ट मिटायची, पण उकडून कुस्करलेलं गाजर पुढे केलं की कबुतराच्या पिल्लासारखी चोच उघडायची. खातेय तर खाऊ दे, म्हणून मी सकाळी गाजर, दुपारी गाजर, संध्याकाळी लेक यायच्या आत थोडंसं गाजर. महिन्याभरात नाकाचा शेंडा पिवळा दिसायला लागला, मग तळहात, मग तळपाय. लेकीनं सुट्टीच्या दिवशी तिला उजेडात धरलं आणि तिचा चेहरा उतरला. कावीळ हा शब्द घरात कुणी उच्चारला नाही, पण तिघांच्याही मनात तोच होता. दवाखान्याच्या वाटेवर जावई रडत होता आणि पिठाची ॲलर्जी आहे म्हणून सांगत होता. (तो बेकरीत कामाला आहे, हे मी पुन्हा सांगत नाही.) डॉक्टरीणबाईंनी लिंबूच्या डोळ्यांचं पांढरं नीट पाहिलं, पोट दाबलं आणि विचारलं, "खायला काय घालता?" लेक म्हणाली, "सगळं थोडं थोडं." मग त्या नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या. कसं ओळखलं कुणास ठाऊक. मी म्हणालो, "गाजर." त्या म्हणाल्या, "किती?" मी लिंबूचं टोपडं सरळ केलं. डोळे पांढरे स्वच्छ आहेत, कावीळ नाही, गाजर कमी करा, रंग हळूहळू जाईल, असं म्हणून त्या पहिल्यांदा हसल्या. घरी येईपर्यंत लेकीनं लिंबूला माझ्या हातात दिलं नाही. घरी आल्यावर मात्र लिंबूचा पिवळा तळवा गालाला लावून किती वेळ खिडकीशी उभी होती.

आता मुख्य गोष्ट. लेक कामावर परत जायला निघाली तेव्हा दारात थांबून म्हणाली होती, "बाबा, बाकी सगळं तुम्ही पाहा. पहिलं पाऊल तेवढं माझ्यासाठी ठेवा." जसं काही ते मी डब्यात झाकून ठेवणार होतो. तर परवा दुपारी मी जमिनीवर बसून कपाटाची ढिली बिजागरी आवळत होतो. लिंबू खुर्ची धरून उभी होती. तिनं माझ्या हातातला पाना पाहिला, खुर्ची सोडली, आणि चालत आली. दोन पावलं, फार तर अडीच. हात दोन्हीकडे पसरलेले, पोट पुढे, चेहरा एखाद्या साहेबासारखा गंभीर. मग पाना पकडला आणि धपकन बसली. मी जागचा हललो नाही. आक्का, मी लोखंड चालतं केलंय, पण त्याला वरून दोर असतो, खालून मोटार असते. हिला वरून कुणी धरलं नव्हतं. नुसतं यावंसं वाटलं, म्हणून आली.

आणि मग लेकीचं दारातलं बोलणं आठवलं. लेकीला काय सांगायचं? मी ठरवलं, हे झालंच नाही. पण लिंबूला आता गंमत कळली होती, ती पुन्हा उठायला बघू लागली, आणि जावई शेजारच्या खोलीत कधीही जागा झाला असता. तेव्हा मी तिला कडेवर घेतलं, ते लेक येईपर्यंत खाली ठेवलंच नाही. (कंबरेचं कारण ते हे.) तिनं माझे कान ओढले, चष्मा चाटला, पण मी बधलो नाही. लेक आली, तिनं दारात बूट काढले, मी लिंबूला अलगद जमिनीवर उभं केलं आणि हात सोडला. ती चालली. थेट आईकडे. लेक गणवेशातच खाली बसली, तिला पोटाशी धरलं आणि माझ्याकडे बघत राहिली. तिचे डोळे भरून आले होते. म्हणाली, "बाबा, पाहिलंत?" मी म्हणालो, "पाहिलं." खोटं नव्हतं. पुन्हा पाहिलं तरी तितकंच नवं होतं.

तेव्हा ही गोष्ट तुझ्यापाशीच ठेव. जपून राहा. थेंब घाल.

तुझा,
धाकटा

ता. क. : पत्र बंद करायचं राहिलं होतं, ते बरं झालं. आज लस टोचायला चौघंही गेलो होतो. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "पहिल्यांदा चालली कधी?" मी म्हणालो, "परवा संध्याकाळी." त्याच वेळी जावई म्हणाला, "गेल्या आठवड्यात," आणि जीभ चावली. मी आंघोळीला गेलो असताना ती त्याच्या पलंगापाशी चालत गेली होती म्हणे, आणि बाबांना वाईट वाटेल म्हणून तो गप्प होता. आम्ही दोघंही लेकीकडे बघायला धजलो नाही. ती टोचलेल्या जागेवर कापूस दाबत शांतपणे म्हणाली, "त्याच्याही आधीच्या सुट्टीत. तुम्ही दोघं बाजारात गेला होतात." मी बाहेर आल्यावर विचारलं, मग परवा डोळ्यांत पाणी कशाचं? म्हणाली, "बाबा, तुम्ही पहिल्यांदाच पाहिल्याचं जे तोंड केलं होतंत ना, त्याचं."

ता. क. दुसरं : हे सगळं लिहायचं कारण असं, की लिंबू अजून चाललेलीच नाही, असं आम्ही तिघांनी एकमतानं ठरवलंय. तुझ्यासमोर टाकेल ते पहिलं. फक्त लवकर ये. आज सकाळपासून ती पळायला लागली आहे.