कानाचा पाव

ता. ३ मार्च

ती. ताईंना,
शि. सा. न. वि. वि.

इकडे सर्व ठीक असं लिहायची रीत आहे, पण आज हात वळत नाही. हे वारल्यापासून पोरांनी पाव टाकलाय. भट्टीवाल्याच्या घरात पाव म्हणजे निम्मं जेवण, आणि तोच पोरं शिवत नाहीत.

तो खेळ तुम्हीच सुरू करून दिलात. बालवाडी लांब, मी दिवसभर शिलाईवर, आणि पोरं घर डोक्यावर घेतात म्हणून तुम्ही शिकवलंत की घास हातात धरून तो कुठून आला ते विचारत मागे मागे जायचं. दूध कुठून आलं, गोठ्यातून. बटाटा कुठून आला, मातीतून. पाव म्हटलं की दोघं बेंबीच्या देठापासून ओरडायची, बाबाकडून! ह्यांना त्याचं इतकं कौतुक की रोज दोन पावांना भट्टीत सारण्याआधी कडेला चिमटा काढायचे. भाजल्यावर त्याचा कडक कान व्हायचा. ते कानवाले पाव आपल्या पोरांचे. पमी त्या कानात सांगायची, बाबा लवकर ये. आणि हे घरात पाऊल टाकताच म्हणायचे, ऐकलं गं बाई, आलो. धाकटा भोपळ्या कानात नुसता भोंगा लावायचा आणि मग आधी तो कानच खाऊन टाकायचा.

आता बिनकानाचा पाव ठेवला की पमी मान फिरवते. म्हणते, हा बाबाकडून आलेला नाही. तिचं बघून धाकट्याचंही तेच. पोरीच्या बरगड्या दिसायला लागल्यात हो. बाबा अजून इस्पितळात आहे असंच त्यांना वाटतंय. खरं सांगायला माझी जीभ रेटत नाही. काय करू ते लवकर कळवा.

तुमच्या मायेची वाट बघणारी,
धाकटी


ता. ९ मार्च

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

सवयीनं आधी सौ. लिहिलं आणि मग खोडलं. ते गिचमीड दिसलं तर मनाला लावून घेऊ नकोस. मला अजून सवय व्हायचीय.

पमीला जवळ घे आणि सांगून टाक. बाबा मेला, तो आता येणार नाही, पाव आता दुसरा माणूस करतो. याच शब्दांत. झोपला, लांब गेला, असलं काही बोलू नकोस, पोरं त्याची वाट बघत बसतात. म्हणशील, लांब बसून शहाणपण शिकवते. शिकवणारच, थोरली नणंद आहे, तेवढा हक्क ठेव. आणि खरं सांगू? मी माझ्या वर्गातल्या पोरांसमोर अजून त्याचं नाव काढू शकत नाही. ज्याला कडेवर घेऊन भरवलं, त्याच्याबद्दल होता म्हणायचं कसं गं?

पण तू सांग. तुला सांगावंच लागेल. पोरांच्या गालांवरून हात फिरव.

तुझी,
ताई


ता. २१ मार्च

ती. ताईंना,
शि. सा. न. वि. वि.

तुम्ही रागावणार, तरी लिहिते. मी सांगितलं नाही. तुमचं पत्र हातात घेऊनच भट्टीवर गेले आणि ह्यांच्या जागी आलेल्या कारागिरापुढे पदर पसरला की दोन पावांना चिमटा काढाल का. भला माणूस आहे. काही न विचारता हो म्हणाला.

कान बघून पमी अशी काही किंचाळली! दोघांनी अख्खा अख्खा पाव संपवला. मी मोरीत तोंड धुवायच्या निमित्तानं जाऊन रडून घेतलं, सुटले म्हटलं. कसली सुटतेय! पोरीचा हिशोब सरळ आहे, पाव बाबाकडून येतो, पाव आला, म्हणजे बाबा भट्टीवर आहे. रोज कानात बोलावते आणि संध्याकाळी उंबऱ्यात बसते. मी आत ये म्हटलं की चूप म्हणते, त्याच्या चपलांचा आवाज ऐकायचाय.

काल मी दाराआडून ऐकलं. ती पावाच्या कानात सांगत होती की बाबा, मी आता भोपळ्याला मारणार नाही, भाजी पण खाईन, रागावू नकोस, ये.

ताई, माझ्या पोरीला वाटतंय की तो ऐकतोय आणि मुद्दाम येत नाही. मी काय करून बसले हो! मला माझाच जीव नकोसा झालाय.

तुमची,
धाकटी


ता. २६ मार्च

चि. धाकटीस,
आशीर्वाद.

रागावत नाही. पण हे पत्र मिळेल त्या घडीला शिलाई तशीच टाकून ऊठ आणि तिला सांग. तिच्यामुळे काहीच झालेलं नाही हे आधी सांग, बाकीचं मागून. आज सांगितलं नाहीस तर ती उद्या अजून शहाण्यासारखी वागेल, आणि ते मला बघवणार नाही.

तुझ्यावर तितकीच माया करणारी,
ताई


ता. २ एप्रिल

ती. ताईंना,
शि. सा. न. वि. वि.

सांगितलं. भट्टीवरच नेलं दोघांना. पीठ दाखवलं, परात दाखवली, भट्टीचं तोंड दाखवलं. कारागिरानं त्यांच्यासमोर चिमटा काढला. पमी त्याच्या बोटांकडे बघत राहिली. मग तिथेच पिठाच्या पोत्यावर बसून मी तुमच्या शब्दांत सगळं सांगितलं. तुझं काही चुकलं नाही हे आधी सांगितलं, परत परत सांगितलं. ती रडली नाही. तिनं विचारलं, मग बाबानं माझं काहीच ऐकलं नाही? मी नाही म्हटलं. तिनं माझा हात सोडला आणि घरी येईपर्यंत धरला नाही.

आता ती समोर ठेवाल ते खाते. बिनकानाचा पाव खाते, नको असलेली भाजी खाते. अंगानं भरेल आता, तुम्ही काळजी करू नका. फक्त काही विचारत नाही. मी मुद्दाम बटाटा उचलून म्हटलं, हा कुठून आला गं? तर म्हणाली, माहीत नाही, आणि जेवत राहिली.

भोपळ्याला मात्र अजून खेळ हवा आहे. आज घास तोंडात तसाच ठेवून म्हणाला की आपल्याला आई खायला देते, गाईला गवळी देतो, मग बाबाला कोण देतं? पमीनं जेवण थांबवलं आणि कितीतरी दिवसांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. खा मुकाट्यानं, एवढंच मी म्हणाले. ती पुन्हा खाली बघून जेवायला लागली.

ताई, तुम्ही बालवाडीच्या बाई. येत असेल तर उत्तर कळवा, मी तिला जसंच्या तसं सांगेन. आणि येत नसेल तर तेही लिहा. आमच्यावरची माया मात्र आटू देऊ नका.

तुमची,
धाकटी