पेचकाचा काढा

रिश्तोन, जूनमधला शुक्रवार, सकाळ

गोड झुलखुमोर,

सलाम. तुझ्या आईवडिलांनाही सलाम. इकडे तुती पिकून अंगणभर सडा पडलाय, शेळी व्याली. पोटातलं बाळ लाथा मारतं का गं? फोन बंद ठेवलायस, म्हणून नानवाल्याच्या हाती ही चिठ्ठी. अक्षर कोंबडीने उकरल्यासारखं आहे, चालवून घे.

यंदा कपाशीत पेचकाची वेल माजलीय. कर्ण्यासारखी गुलाबी फुलं, बघत राहावं अशी! काल तुझ्या सरदोरच्या पायाला कुदळ लागली. त्याच वेलीची पानं चुरगाळून बांधली, रक्त थांबलं. घाबरू नकोस, बोटं शाबूत आहेत. बांधताना तुझं नाव काढलं, तर त्याने मान फिरवली. "माझं मूल पाडायला निघाली होती ती, आजी. परवा मोठी माणसं जाऊन सगळं नातं तोडून येतील."

पोटुशीने पेचकाच्या मुळाला हातही लावू नये, हे मीच घरभर सांगत आलेय. आणि ती मुळं उकळताना त्याने तुलाच पाहिलं. "मी प्यायले नाही" एवढंच म्हणालीस. कुणासाठी उकळली ते नाही सांगितलंस. बोचकं उचललंस नि माहेरी गेलीस.

तर आज तोंड धुवायला जाते, तांब्या जागेवर नाही. आला. परत गेला. बघते तर माझी सून, तुझी सासू ओयदिन, तांब्या घेऊन परसात पळतेय! पाटाशी गाठलं तिला.

"काय गं, कुठे सारखी?"

"टरबूज बाधलं, आई."

"टरबुजाच्या वेलीवर अजून फूल आहे, आणि तुला टरबूज बाधलं?"

तेव्हा रडली. "पोट साफ होत नव्हतं. मीच तिला काढा करायला लावला. कुणाला सांगायचं नाही अशी शपथ घातली. मुलासमोर कसं बोलू? ती गेल्यावर माझी मी उकळला, जास्त झाला."

"लाजेपायी नातवंड घालवशील, बये?"

हाताला धरून सरदोरसमोर उभी केली. सगळं बोलली. तो टोपी तोंडावर ओढून बसलाय. हसतोय की रडतोय, कळत नाही. मला मात्र नाचावंसं वाटतंय!

उद्या मोठी माणसं येणार नाहीत. रुसलेल्या सुनेला न्यायला ओयदिन स्वतः येईल, गरम नान कापडात बांधून. लगेच दार उघडू नकोस. एक किटली चहा होऊ दे, उभी राहू दे तिला.

पण त्याहून जास्त नको. पोट अजून ठिकाणावर नाही तिचं.

जिची लाज तू राखलीस, तिची सासू,
हासियत आजी