पाणी आलं की पारीवर

बाबूजी,

माय बरी आहे. हे आधीच सांगते, नाहीतर पुढचं वाचताना तुमचा सगळा जीव तिच्यातच अडकून राहिला असता. गुडघे दुखतात, कानाने कमी ऐकू येतं, पण माझ्या हातच्या भाजीला नावं ठेवण्यात तिने कसूर केलेली नाही. तुम्ही गेलात तेव्हा मी डीएडच्या पहिल्या वर्षाला होते. पुढे नोकरी लागली ती थेट कोकणात, समुद्राकाठच्या एका शाळेत. गोंदियाहून निघालं की दोन गाड्या बदलून दीड दिवसाने पोचायचं. शेत काकांच्या हवाली केलं आणि मायला सोबत घेऊन गेले. बदलीसाठी अर्ज करून करून थकले, तेव्हा कुठे परत येता आलं. आता सालेकशाकडच्या एका शाळेत शिकवते. यातलं काहीच तुम्हाला आजवर लिहिलं नाही, कारण एक गोष्ट सांगायची टाळत होते आणि तिच्यापायी बाकीचीही राहून गेली.

तुम्हाला तलाव भरला तो दिवस आठवतो का? मी पाचवीत होते. तीन दिवस पावसाने उसंत दिली नव्हती. तलावाचं तुडूम, म्हणजे पाणी सोडायची मोरी, उघडायचं काम गावाने तुमच्याकडे दिलेलं, म्हणून तुम्ही पहाटेपासून तलावावरच होतात. सांडव्यावरून पाणी उसळून गावात शिरलं आणि मी घराकडे धावत सुटले, कारण दप्तर घरात होतं. तुम्ही मागून येऊन वेणी धरता, गर्रकन फिरवता आणि अशी चपराक देता की माझा कान दिवसभर वाजत राहतो. "घराकडं कायले धावून राहिलीस? पानी आला का पारीवर चढाचा! समजला?" तलावाच्या मातीच्या बांधाला आपण पार म्हणतो, तिच्यावर सगळं गाव चढलं होतं. गायी, शेळ्या, म्हाताऱ्या, सगळी एका ताडपत्रीखाली. तिथूनच आपण आपल्या घराची मागची भिंत बसताना पाहिली. दप्तर त्याच भिंतीच्या कोनाड्यात होतं. पुढे वर्षभर येईल जाईल त्याला तुम्ही ती चपराक रंगवून सांगितलीत. मला राग यायचा, पण खरं ते खरं. त्या दिवशी तुम्ही माझा जीव वाचवलात.

मायने पहिल्यांदा समुद्र पाहिला तेव्हा कमरेवर हात ठेवून म्हणाली, "यवढा मोठा तलाव, आन पार कोठी आहे?" मी हसले. मग तिला शाळेमागचा बंधारा दाखवला. समुद्राने जमीन खाऊ नये म्हणून घातलेला, काळ्या दगडांचा, दोन पुरुष उंच. तो पाहिल्यावर तिचा जीव भांड्यात पडला. आमच्या शाळेत खिचडी शिजवायला एक बाई होती, नवऱ्याची छोटी होडी होती, मुलगी माझ्या वर्गात चौथीला. ती मायचं हे बोलणं ऐकून पोट धरधरून हसली आणि गावभर सांगत सुटली. पण दुसऱ्याच दिवसापासून माय शाळेच्या चुलीपाशी तांदूळ निवडायला बसू लागली. दोघींना एकमेकींची निम्मी भाषा कळायची नाही आणि गप्पा मात्र संपायच्या नाहीत. परक्या मुलखात मायला माणूस मिळालं ते एवढंच.

चक्रीवादळाची सूचना दोन दिवस आधी आली होती. किनाऱ्यावरच्या झोपड्यांतली माणसं शाळेत आणून बसवली. खिचडीवाल्या बाईने मुलीला आधीच डोंगरावरच्या देवळात पाठवून दिलं आणि स्वतः थांबली, इतक्या जणांना जेवायला कोण घालणार म्हणून. आपल्याकडचा वारा येतो आणि जातो, बाबूजी. हा जायलाच तयार नव्हता. कौलं एकेक करून गेली नाहीत, ओळीच्या ओळी उचलल्या गेल्या. माड कमरेत मोडून आडवे पडत होते. कुठल्यातरी घराचा पत्रा अंगणातून भिरभिरत आला आणि आडोशाला उभ्या असलेल्या कुत्र्याला मधोमध कापून पुढे गेला. मुलं रडत होती हे मला त्यांच्या उघड्या तोंडांवरून कळत होतं, आवाज फक्त वाऱ्याचा. एका म्हाताऱ्याच्या डोक्यात कौल बसलं. फळा पुसायच्या फडक्याने मी त्याची जखम दाबून धरली, तर फडकं गरम होऊन ठिबकायला लागलं. पाऊस तोंडात जात होता तो खारट होता. मग दार चौकटीसकट उखडलं आणि समोरच्या भिंतीवर आपटून फुटलं.

दुपारी भरती आली आणि पाणी शाळेत शिरलं, पण समुद्राच्या बाजूने नाही. खाडी गावाच्या बाजूने फुगून रस्त्यावरून आली. घोट्याइतकं होतं ते बघता बघता गुडघ्यावर. गावचे लोक एकमेकांचे हात धरून देवळाकडे निघाले. वाट छातीभर पाण्यातून होती, लाटा आडव्या मारत होत्या, एक माणूस माझ्यादेखत दोनदा बुडून वर आला. मायने ते पाहिलं आणि माझं मनगट आवळलं. आणि शाळेमागे, चाळीस पावलांवर, बंधारा होता. उंच, त्याच्यावर पाण्याचा थेंब साचलेला नाही. आम्हा दोघींना एकमेकींना विचारायचीसुद्धा गरज पडली नाही. आम्ही पारीकडे धावलो.

आम्ही वर चढलो. तुम्हाला विश्वास बसणार नाही, माय तिथे लुगडं सावरून चक्क खाली बसली, आपल्या तलावावर बसायची तशी, सुटलो एकदाचे म्हणून. मागे वळून पाहते तर खिचडीवाली बाई पाण्यातून आमच्याकडे धावत येते आहे. दोन्ही हात हलवते आहे, तोंड मोठमोठ्याने उघडते आहे. मला वाटलं तिलाही वाट सुचली. मी हाताने तिला खुणावलं. या, या, वर या. ती बंधाऱ्याच्या पायथ्याशी पोचली तेव्हा तिचे शब्द कानावर पडले. "बाई, थंय नको! दर्यो थंयसूनच येतलो!"

तेव्हा मी समुद्राकडे वळून पाहिलं. लाट म्हणजे वर येणारी आणि फुटणारी गोष्ट, एवढंच मला ठाऊक होतं. ही फुटत नव्हती. मातकट भिंत आख्खीच्या आख्खी चालत येत होती, तिच्यात एक झाड उभंच्या उभं होतं, आणि पुढचे दगड, आपले चार बैलही ओढू शकले नसते असे, गोट्यांसारखे गडगडत वर येत होते. ती बाई वर चढली. तिने मायला बखोटीला धरून उचललं आणि धान्याचं पोतं टाकावं तसं जमिनीच्या बाजूला खाली ढकलून दिलं. मग माझ्या छातीवर दोन्ही हात ठेवून मला ढकललं. मी पडता पडता तिचं तोंड पाहिलं, ते फार रागावलेलं होतं. त्यानंतर पाणी. नाकातोंडात वाळू, पाठीवर दगड, डाव्या हाताचं हाड मोडल्याचा आवाज मला पाण्याखाली ऐकू आला. मी सुरूच्या झाडाला अडकले. माय शाळेच्या फाटकाच्या गजांना धरून ओकत होती. बंधाऱ्यावर कोणी नव्हतं आणि बंधाराही अर्धा नव्हता.

ती तिसऱ्या दिवशी खाडीच्या तोंडाशी सापडली, त्यांच्याच फुटलेल्या होडीच्या फळ्यांखाली. त्यावरून सगळ्यांनी ठरवून टाकलं की ती होडी बघायला गेली. तिचा नवरा भिंतीला टेकून एकच बोलत होता, "होडयेपायी गेली. पोरीचो इचार नाय केल्यान, होडयेचो केल्यान." मुलगी शेजारीच बसली होती, ऐकत होती. मी तिथे गळ्यात हात बांधून उभी होते, बाबूजी. माझ्याशिवाय आणि मायशिवाय कोणालाच खरं माहीत नव्हतं. मी म्हणाले, "धीर धरा," आणि बाहेर पडले. पुढच्या वर्षी बदली झाली. गाडीत वर्धा आलं तेव्हा मायने शिदोरी सोडली. मग म्हणाली, "तू नाई सांगतलास." एवढंच.

तुमच्यावर मी किती चिडले होते ते सांगते. का म्हणून एवढ्या जोराने मारलंत? हळू सांगितलं असतं तर कदाचित मी विसरले असते, समुद्रासमोर चार क्षण थांबून विचार केला असता. ज्यांना पाणी कळतं ते कुठे चाललेत हे तरी पाहिलं असतं. पण तुम्ही तलाव ओळखत होतात, त्यात तुमचं काही चुकलं नाही. परक्या गावात तिथल्या माणसांचं ऐकावं, एवढी अक्कल पाच वर्षं तिथलं मीठ खाऊन मला यायला हवी होती. तुमच्या नावाने बोटं मोडणं सोपं होतं, म्हणून मोडत राहिले.

ती मुलगी आता नर्सिंगला आहे. दर शिक्षकदिनाला फोन करते. या वेळी केला तेव्हा इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाली, "बाई, बाबा अजून आयेक गाळी घालतत. तुम्ही शाळेतच होतात ना? आये खरंच होडयेसाठी गेलेली?" मी म्हणाले, "हॅलो, हॅलो, आवाज येत नाही गं," आणि फोन ठेवला. आवाज स्वच्छ येत होता. माय समोरच बसली होती, तिला कमी ऐकू येतं पण माझं तोंड वाचता येतं. म्हणाली, "फोन लावून दे. तू नाई सांगत त मी सांगतो." मी लावून दिला नाही.

तेव्हा तुम्हाला खरं सांगते, बाबूजी. मी बसले होते ती तुम्हाला लिहायला नव्हे. वर त्या मुलीचं नाव लिहिलं आणि तासभर पेन पुढे सरकलं नाही. मग ते खोडून तुमचं लिहिलं तर भराभर सगळं आलं, कारण तुम्ही काही विचारणार नाही आणि तुमचा बाप कुणाला शिव्या घालत बसलेला नाही. शेजारी पाकीट ठेवलंय. त्यावर तिचा पत्ता कालच लिहून झाला, पिनकोडसकट. आत घालायला अजून एक ओळ नाही.